बावन्नावी फेरी

पाऊस धड पडतही नाही आणि थांबतही नाही. मघाशी एक बारीक सर येऊन गेली, आता पुन्हा चार थेंब तुमच्या हातावर पडलेत. शेजारच्या जर्मन माणसाने टोपी मागे सरकवून आभाळाकडे पाहिलं आणि बायकोकडे बघून मान हलवली. काही नाही, जाईल निघून, असं त्याला म्हणायचं असावं. तुम्ही मात्र हातावरचे थेंब पुसत नाही. पुढे काय होणार आहे ते या स्टँडमध्ये फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

तारीख 22 जुलै 2018. जागा हॉकेनहाइम. ट्रॅकचा शेवटचा भाग इथे एका अवाढव्य प्रेक्षागृहाच्या पोटात शिरतो आणि चारी बाजूंनी माणसंच माणसं दिसतात. मोटोड्रोम म्हणतात याला. एरवी फॉर्म्युला वनची गाडी डोळ्यांसमोरून झपकन निघून जाते. इथे ती तुमच्यासमोर वळणं घेत राहते, आखाड्यात पैलवान फिरावा तशी. आज सगळ्यात पुढे असलेली गाडी लाल आहे, फेरारीची, आणि तिच्यात बसलेला सेबॅस्टियन व्हेटेल याच भागातला पोरगा आहे. त्याचं गाव हेपनहाइम इथून मोटारने अर्ध्या-पाऊण तासावर. चार वेळचा जगज्जेता. दोनच आठवड्यांपूर्वी त्याने सिल्व्हरस्टोन जिंकलं आहे आणि गुणतक्त्यात तो लुइस हॅमिल्टनच्या 8 गुणांनी पुढे आहे. हॅमिल्टनने आज चौदाव्या जागेवरून सुरुवात केली आहे. याहून चांगला रविवार मागून मिळत नाही.

शर्यत 67 फेऱ्यांची. फलकावर 52 आकडा लागतो.

लाल गाडी मोटोड्रोममध्ये शिरते. सॅक्स वळण डावीकडे आहे, फार वेगाचं नाही. व्हेटेल ब्रेक लावतो, मागची चाकं किंचित हलतात आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाते. खडीत शिरते. खडी पार करून पलीकडच्या भिंतीला लागते. मोठा आवाज नाही, आग नाही, उडालेले तुकडे नाहीत. आपल्याकडे ओल्या शेणावरून सायकल सटकते ना, तितकंच. हजारो माणसांच्या तोंडून एकदम जो आवाज निघतो तो किंकाळीचा नाही. श्वास आत ओढल्याचा आहे.

तुम्ही उभे राहता. तो स्टिअरिंगवर हात आपटतोय ते तुम्हाला दिसतं. रेडिओवर तो संघाची माफी मागतोय, आवाज रडवेला आहे. शेजारचा माणूस टोपी काढतो आणि मांडीवर ठेवतो. त्याला सांगावंसं वाटतं की बाबा रे, आजच्या संध्याकाळी हॅमिल्टन जिंकणार आहे, 8 गुणांची आघाडी 17 गुणांची पिछाडी होणार आहे, आणि पुढची चार वर्षं तुझ्यासारखी माणसं या चार सेकंदांवरून भांडणार आहेत. एक जण म्हणेल, तो इथे संपला. दुसरा म्हणेल, तो मुळात कधी मोठा नव्हताच. तिसरा म्हणेल, पाऊस होता, कुणाचंही झालं असतं.

सांगू नका. आधी पाच वर्षं मागे चला.

ग्रेटर नोएडा, 27 ऑक्टोबर 2013. दिवाळीला आठवडा राहिलाय. हवा धुरकट आहे, पलीकडच्या स्टँडची कड धूसर दिसते. बुद्ध इंटरनॅशनल सर्किटच्या मुख्य स्टँडमध्ये, तुमच्या पुढच्या रांगेत, दोघं मराठीत भांडतायत. एक पन्नाशी ओलांडलेले काका, एक विशीतला पुतण्या. चिंचवडहून आलेत, निजामुद्दीनला जाणाऱ्या गाडीने, वाटेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात. काका भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर. लेथवर उभं आयुष्य गेलेलं. देव एकच, मायकेल शूमाकर, आणि तो गेल्या वर्षी निवृत्त झाल्यापासून काकांना कुणी पसंत पडत नाही.

"ही सगळी त्या न्यूईची करामत," काका म्हणतात. "एड्रियन न्यूई. गाडी त्याने काढलीये. या पोराचं काय त्यात?"

"काका, मग त्याच संघात मार्क वेबरला काय रिक्षा दिलीये का?"

"वेबरचं वय बघ लेका."

पुतण्या काही बोलत नाही, नुसता हसतो. जिंकणाऱ्याच्या बाजूला असलं की वाद घालायची गरज पडत नाही.

तुमच्यासमोर व्हेटेल दुसऱ्याच फेरीनंतर टायर बदलायला आत येतो, गर्दीत मागे पडतो, आणि एकेकाला गाठत पुन्हा वर येतो. वेबरची गाडी अल्टरनेटर बिघडून थांबते. 60 फेऱ्या संपतात तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरचा निको रॉसबर्ग जवळजवळ 30 सेकंद मागे असतो. भारतात तीन शर्यती झाल्या, 2011, 2012, 2013, आणि तिन्ही यानेच जिंकल्या. आज चौथं जगज्जेतेपदही इथेच, वय 26.

आणि आता तो नियम मोडतो. गाडी पार्किंगला न्यायची सोडून मुख्य स्टँडसमोर आणतो आणि जागच्या जागी गरागरा फिरवतो. टायरचा धूर तुमच्या नाकात शिरतो. याबद्दल संघाला 25,000 युरो दंड होणार आहे. तो गाडीतून उतरतो, तिच्या नाकासमोर गुडघे टेकतो, दोन्ही हात पुढे पसरतो आणि कपाळ खाली नेतो.

काका उभे राहतात. पुतण्याकडे न बघता म्हणतात, "गाडीच्या पाया पडतोय रे."

दोनच आठवड्यांपूर्वी दसरा झाला. खंडेनवमीला काकांनी लेथला हळदकुंकू वाहिलंय, झेंडूचा हार घातलाय. यंत्रापुढे वाकणं म्हणजे काय ते या स्टँडमध्ये समजावून सांगावं लागत नाही. व्हेटेल कुंपणाकडे धावत येऊन हातमोजे गर्दीत फेकतो, पुतण्या घसा फाटेस्तोवर ओरडतो, आणि काका, गाडीचं कौतुक करा म्हणणारे काका, टाळ्या वाजवतात. दोन-तीनच. पण वाजवतात.

हा आनंद जपून ठेवा, कारण याच वर्षी इतरत्र काय चाललंय तेही बघायचं आहे. मार्चमध्ये मलेशियात संघाने क्रम ठरवून दिला होता: वेबर पुढे, व्हेटेल मागे, आता शर्यत नको. व्हेटेलने तो आदेश धाब्यावर बसवला आणि जिंकला. तेव्हापासून लोक त्याच्यावर खार खाऊन आहेत. 30 जूनला सिल्व्हरस्टोनमध्ये आघाडीवर असताना त्याचा गिअरबॉक्स गेला आणि इंग्रज प्रेक्षकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. मॉन्झाला, सिंगापूरला तो व्यासपीठावर उभा राहिला की खालून हुर्यो. जिंकलेल्या माणसाची हुर्यो! हे मनाला लागतं, असं त्याने इथे, चौथं जगज्जेतेपद मिळाल्याच्या दिवशी कबूल केलं. मला तर हुर्यो करणाऱ्यांचा आजही राग येतो. मलेशियात तो चुकला, यात वाद नाही. पण ती चूक मार्चमधली होती. सप्टेंबरपर्यंत लोक त्याच्या चुकीला कंटाळले नव्हते, त्याच्या जिंकण्याला कंटाळले होते.

आता थोडं आणखी मागे. 14 सप्टेंबर 2008, मॉन्झा, धो धो पाऊस. हे फार वेळ बघायचं नाही, एक गोष्ट तेवढी टिपायची. एकवीस वर्षांचा व्हेटेल टोरो रोस्सो नावाच्या छोट्या संघाच्या गाडीत बसलाय. हा पूर्वीचा मिनार्डी संघ, आयुष्यभर शेपटाला राहिलेला. पहिल्या जागेवरून तो सुटतो आणि पहिलाच येतो. तोवर इतक्या कमी वयात कुणी फॉर्म्युला वनची शर्यत जिंकलेली नव्हती. पाण्याच्या फवाऱ्यात इतरांना पुढचं दिसत नाही आणि याची गाडी रुळावर असल्यासारखी. तुम्ही हॉकेनहाइमहून आलात, म्हणून हात बघा त्याचे. पावसातही गाडी वळणात किती लवकर आणि किती बेधडक घालतो ते बघा. मागची बाजू आपल्याला धरून ठेवणार, असा त्याला भरवसा आहे.

या भरवशात सगळी गोष्ट आहे. 2010 ते 2013 या काळात न्यूईच्या गाड्यांना एक गुण होता. इंजिनाचा तापलेला धूर गाडीच्या तळाच्या मागच्या कडेवर सोडला जायचा आणि त्या झोताने गाडीचं शेपूट रस्त्याला चिकटून राहायचं. नियम करणाऱ्यांनी तो मार्ग अडवला की हे लोक दुसरा शोधायचे. अशी गाडी चालवायला अंगभूत शहाणपणाच्या उलट वागावं लागतं. वळणात गाडी सुटतेय असं वाटलं की पाय उचलावा ही माणसाची जात. इथे पाय दाबायचा, कारण धूर वाढला की पकड वाढते. व्हेटेल गाडी झटकन वळवायचा, शेपूट क्षणभर हलू द्यायचा आणि इतरांच्या आधी पाय दाबून मोकळा व्हायचा. वेबरची गाडी तीच होती. त्याला हे इतकं जमलं नाही. म्हणजे पुतण्याचा रिक्षाचा मुद्दा बरोबर होता, आणि काकांचा गाडीचाही.

2014 साली नियम मुळापासून बदलले. 2.4 लिटरचं व्ही-8 इंजिन गेलं, 1.6 लिटरचं टर्बो व्ही-6 आलं, आणि धुराचं नळकांडं मागे, मधोमध, एकच. शेपूट सुटं झालं. त्या वर्षी चार वेळच्या जगज्जेत्याने एकही शर्यत जिंकली नाही, आणि त्याच गाडीत नव्याने आलेल्या डॅनियल रिकार्डोने तीन जिंकल्या. पुढे व्हेटेल फेरारीत गेला. गाडीने मागून साथ दिली त्या दिवशी तो जुना व्हेटेल असायचा. 2017 साली पाच विजय, 2018 साली पाच विजय. साथ सुटली की गरकन फिरायचा.

आता चिंचवडला चला. पुन्हा 22 जुलै 2018, भारतातले आठ वाजायला आलेत. उद्या आषाढी एकादशी, स्वयंपाकघरात काकूंनी साबुदाणा भिजत घातलाय. दुसऱ्या वाहिनीवर पंढरपूरला पोचलेल्या पालख्या दाखवतायत, पण इथे टीव्हीवर सॅक्स वळण पुन्हा पुन्हा लागतंय. तुम्ही दाराशी उभे आहात.

पुतण्या रिमोट सोफ्यावर टाकतो. पाच वर्षांत अंगाने भरलाय, आयटीत नोकरी आहे. "संपला हा," तो म्हणतो. "काका, तुम्ही बरोबर होता. गाडीच होती सगळी."

काका काही बोलत नाहीत. ते पडद्यावर हात बघतायत, स्टिअरिंगवर आपटलेले. मग स्वतःचा उजवा पंजा उघडतात, मिटतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खात्यातले जुने लेथ निघाले आणि सीएनसी मशीनं आली. तीस वर्षं त्यांना टूलच्या आवाजावरून कळायचं की फीड जास्त झालाय, चिप्सच्या रंगावरून कळायचं की धार गेलीये. सीएनसीला काच असते. आत पाणी उडत असतं, आवाज बाहेर येत नाही. पहिल्या महिन्यात काकांच्या हातून जितके जॉब रिजेक्ट झाले तितके शिकाऊ उमेदवार असतानाही झाले नव्हते. सुपरवायझर पोरगेलासा होता. तो काही वाईट बोलला नाही, फक्त काकांना पॅकिंगकडे बसवलं.

"हात तोच आहे रे त्याचा," काका म्हणतात.

"मग?"

"हात तोच आहे हीच पंचाईत आहे."

याहून नेमकं मी लिहू शकत नाही. तुम्ही मॉन्झा पाहून आलाय, म्हणून तुम्हाला ते लगेच पटतं. सॅक्स वळणात गाडी घालणारा हात 2008 साली पावसात गाडी घालणाराच होता. मागची बाजू धरून ठेवेल म्हणून तो गेला, तिने धरलं नाही. फेरारीच्या चाहत्यांत तेव्हा दोन फळ्या पडल्या. एक फळी संघाला बोल लावायची: डावपेच चुकले, गाडीच्या सुधारणा चुकल्या. दुसरी याला. मला पहिली फळी कधी पूर्ण पटली नाही. त्याच वर्षी मॉन्झाला पहिल्याच फेरीत, मग सुझुकाला, मग ऑस्टिनला दुसऱ्या गाडीशी झोंबताना तो फिरला. 2019 साली बहरैनला फिरला. तेव्हा संघ मागून ढकलत नव्हता. आणि दुसरी फळी म्हणायची की हे मुळातच खोटं नाणं, तर त्यांना मी मॉन्झाच्या त्या पावसात नेऊन बसवलं असतं.

8 सप्टेंबर 2019, पुन्हा मॉन्झा, आज कोरडं. सहाव्या फेरीत आस्कारी वळणात व्हेटेल कुणाचाही धक्का न लागता फिरतो, घाईने ट्रॅकवर परततो आणि लान्स स्ट्रोलच्या गाडीला धडकतो. शिक्षा होते. तेरावा येतो. त्याच दिवशी त्याचा तरुण जोडीदार शार्ल लक्लेर जिंकतो, मॉन्झात फेरारीचा 2010 नंतरचा पहिला विजय. कुंपण ओलांडून लाल माणसांचा लोंढा व्यासपीठाखाली धावतो. तुम्ही त्या लोंढ्यात आहात, पाय जमिनीला लागत नाहीत. सगळे एकाच नावाने ओरडतायत. अकरा वर्षांपूर्वी याच जागी दुसरं नाव होतं. तुमच्या पुढे एक म्हातारा आहे, पाठीवर व्हेटेलचा 5 आकडा असलेला शर्ट घातलेला. तोही लक्लेरच्या नावाने ओरडतोय, आणि डोळे पुसतोय. त्याला काय होतंय ते त्यालाच माहीत. त्याचा शर्ट मात्र त्याने बदललेला नाही.

दोन आठवड्यांनी सिंगापूरला व्हेटेल जिंकतो, तेरा महिन्यांनी. त्रेपन्नावा विजय. हा शेवटचा. त्या रात्री हे त्याला माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत असूनही तुम्ही टाळ्या वाजवता.

2020 फार लांबवू नये. मे महिन्यात फेरारीने फोन करून कळवलं की पुढच्या वर्षी तू नाहीस. स्टँड रिकामे, जग घरात कोंडलेलं, आणि तो वर्षाअखेरीला 33 गुणांवर, तेरावा. पण 15 नोव्हेंबरला चिंचवडच्या त्या खोलीत थांबायलाच हवं. काल लक्ष्मीपूजन झालंय, ताटात करंज्या आहेत, दारात पणत्या, पाहुणे कुणी नाही. इस्तंबूलचा ट्रॅक ओला आणि निसरडा आहे. काका एकटेच बघतायत, पुतण्या बंगळूरहून फोनवर आहे. तो आता मॅक्स व्हर्स्टापेनचा चाहता. व्हेटेल अकराव्या जागेवरून सुटून पहिल्याच फेरीत पुढच्या घोळक्यात जातो आणि शेवटच्या फेरीत लक्लेर चुकतो तेव्हा तिसरा येतो. जिंकतो हॅमिल्टन, सातवं जगज्जेतेपद, काकांच्या शूमाकरची बरोबरी. हा दिवस काकांना आवडणार नाही असं पुतण्याने गृहीत धरलंय, फोनवर तो जपून बोलतोय.

पडद्यावर हॅमिल्टन गाडीतच बसून राहिलाय, हुंदके देतोय. कॅमेऱ्यात एक लाल, भिजलेला पोशाख येतो. व्हेटेल त्याच्या गाडीशी खाली बसतो, हेल्मेटजवळ तोंड नेऊन काहीतरी बोलतो. ज्याने त्याची दोन वर्षं हिसकावून घेतली, त्याच्याशी. व्हेटेलचा लहानपणापासूनचा देवही शूमाकरच होता, काकांसारखा.

"काका, ऐकताय ना?" फोनमधून आवाज येतो.

"ऐकतोय. थांब जरा."

शेवटची खेप 9 ऑक्टोबर 2022. रविवार, कोजागरी. व्हेटेल आता अ‍ॅस्टन मार्टिनच्या हिरव्या गाडीत आहे आणि जुलैतच त्याने निवृत्ती जाहीर केली आहे. एव्हाना सगळेच त्याच्यावर प्रेम करायला लागलेत. ज्या सिल्व्हरस्टोनने त्याच्या बिघडलेल्या गिअरबॉक्सवर आरोळ्या ठोकल्या, तिथेच 2021 साली शर्यतीनंतर तो स्टँडमधला कचरा वेचत होता. हरणाऱ्याला माया देणं लोकांना सोपं जातं. ती 2013 साली थोडी दिली असती तर काय बिघडलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

सुझुकाला पाऊस आहे. पहिल्याच वळणात फर्नांडो अलोन्सोशी धक्का लागून व्हेटेल फिरतो. शर्यत थांबते, दोन तासांवर थांबून राहते. पुन्हा सुरू होते तेव्हा तो जवळजवळ सगळ्यांच्या आधी टायर बदलायचा जुगार खेळतो आणि तो लागतो. चिंचवडला दुपार आहे, संध्याकाळच्या मसाला दुधासाठी काकू वेलची कुटतायत. काका आता निवृत्त. पुतण्या सुट्टीवर घरी आलाय आणि सोफ्याच्या टोकावर बसलाय, कारण आज व्हर्स्टापेन जगज्जेता ठरणार आहे. गाडी पुन्हा न्यूईच्याच संघाची.

"काका, बघा बघा, जिंकला!"

"हो हो, जिंकला. सहावा कोण येतोय ते दाखवतील का?"

पडद्यावर दोन गाड्या एकत्र शेवटच्या सरळ पट्ट्यावर येतात. अलोन्सोचे टायर ताजे आहेत, तो अंगावर आलाय. व्हेटेल जागा सोडत नाही. पाण्याचे दोन फवारे एकमेकांत मिसळतात आणि रेषा कुणी आधी ओलांडली ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मग खाली आकडे येतात. व्हेटेल सहावा. फरक 0.011 सेकंद.

काकांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणलीये, मायक्रोमीटरमध्ये जॉब धरतात तशी, आणि त्या बारीक फटीतून ते टीव्हीकडे बघतायत.